जुन्या विनोदी मालिका आजच्या मुलांना दाखवायच्या तर

गोव्याच्या फोंडा तालुक्यातल्या एका वाचनालयाच्या कार्यकर्त्यांचा प्रश्न आहे. मे महिन्याच्या सुट्टीत १६ ते २२ वयाच्या मुलामुलींना दूरदर्शनच्या काळातल्या विनोदी मालिका दाखवायच्या आहेत. ही पिढी त्या बघेल का, की दहा मिनिटांत मोबाइल काढून बसेल? आणि दाखवायच्या तर कोणत्या, कशा?

बघतात, आणि मनापासून हसतातही. मालिका किती जुनी आहे यावर फार थोडं ठरतं. मुलं उठून जातात ती बहुतेक तीन कारणांनी: संवाद नीट ऐकू येत नाहीत, पात्र कोण हे कळायच्या आत विनोद होऊन जातो, किंवा दोन संवादांमधल्या रिकाम्या जागा त्यांना लांब वाटतात. तिन्हींवर उपाय आहेत. चौथं कारण म्हणजे आज लागट वाटणारा विनोद. त्यावर एकच उपाय, तो भाग निवडायचाच नाही.

जुनी मालिका नव्या पिढीत रुजते याचे दाखले मोठे आहेत. ‘फ्रेंड्स’ १९९४ ते २००४ या काळातली, २३६ भागांची मालिका. ती संपल्यानंतर १५ वर्षांनी, २०१९ या एका वर्षासाठी अमेरिकेत आपल्याकडे राहावी म्हणून नेटफ्लिक्सने सुमारे १० कोटी डॉलर मोजल्याच्या बातम्या होत्या. ‘द ऑफिस’ची अमेरिकी आवृत्ती २०१३ मध्ये संपली; प्रेक्षकसंख्या मोजणाऱ्या नील्सन कंपनीच्या मोजणीनुसार २०२० मध्ये अमेरिकेतल्या प्रेक्षकांनी ती ५,७०० कोटींहून अधिक मिनिटं पाहिली. आपल्याकडे ‘साराभाई वर्सेस साराभाई’ २००४ मध्ये सुरू झाली तेव्हा तिला टीआरपी बेताचाच होता. पुढे इंटरनेटवर ती ज्यांनी उचलून धरली त्यांच्यात मालिका सुरू झाली तेव्हा अगदी लहान असलेली मुलं भरपूर होती, आणि २०१७ मध्ये तिचा नवा हंगाम वेबवर आला. १९८८ ची ‘वागले की दुनिया’ २०२१ मध्ये नव्या रूपात परतली, तीही अंजन श्रीवास्तव आणि भारती आचरेकर या मूळच्या जोडीला आजी-आजोबा करून.

२०२० च्या टाळेबंदीत दूरदर्शनने ‘देख भाई देख’ आणि ‘श्रीमान श्रीमती’ पुन्हा लावल्या, त्याचा दाखला मात्र जपून द्यावा. त्या वेळी अख्खं घर एका टीव्हीसमोर होतं आणि रिमोट बहुधा आईवडिलांच्या हातात होता. तेवढ्यावरून तरुणांची आवड ठरवता येणार नाही.

परदेशी मालिका टिकल्या यामागे गुणवत्तेइतकंच एक तांत्रिक कारण आहे, आणि ते तुमच्या पडद्याशी थेट जोडलेलं आहे. ‘फ्रेंड्स’ ३५ मिलिमीटर फिल्मवर चित्रित झाली. त्यामुळे मूळ निगेटिव्ह पुन्हा स्कॅन करून तिची आजच्या टीव्हीला शोभेल अशी स्वच्छ प्रत काढता आली. आपल्या दूरदर्शन मालिका बहुतांशी व्हिडिओ टेपवर झाल्या. त्या काळच्या प्रक्षेपणात चित्राच्या ६२५ रेषा, त्यातल्या दिसणाऱ्या ५७६, एवढाच तपशील असे. जे टेपवर कधी उमटलंच नाही ते कितीही प्रयत्न केला तरी मिळणार नाही. मुलगा ‘ये जो है जिंदगी’ लावून दोन मिनिटांत बंद करतो तेव्हा पुष्कळदा तो विनोदाला कंटाळलेला नसतो. तिसऱ्या हाताच्या व्हीएचएस प्रतीवरच्या धूसर चेहऱ्यांना आणि खरखरीला तो कंटाळलेला असतो.

आता रिकाम्या जागांबद्दल. मुलं ज्याला ‘स्लो’ म्हणतात त्याचं मूळ हशाच्या जागेत आहे. तीन कॅमेरे लावून, समोर प्रेक्षक बसवून, फिल्मवर विनोदी मालिका करायची पद्धत १९५१ च्या ‘आय लव्ह ल्युसी’ने रूढ केली. प्रेक्षक हसला की नट थांबणार, हशा उतरू लागला की पुढचं वाक्य उचलणार. पुढे चार्ली डग्लस या ध्वनितंत्रज्ञाने हशाच्या ध्वनिफिती वाजवणारं यंत्र बनवलं आणि प्रेक्षक नसतानाही हशा भरता येऊ लागला. आपल्या अनेक मालिकांत हशा असाच मागाहून जोडलेला आहे. ‘द ऑफिस’सारख्या मालिकेत हशा नसतो, म्हणून वाक्यानंतर थांबायची गरजही पडत नाही. तिथे एखाद्या चेहऱ्यावरचा ओशाळलेपणा दीड सेकंद दिसतो आणि प्रसंग पुढे सरकतो. त्या लयीवर कान तयार झालेल्या मुलाने एकट्याने, हेडफोन लावून ‘श्रीमान श्रीमती’ पाहिली की नट उगाच थांबल्यासारखे वाटतात आणि मागचा हशा खोटा वाटतो.

म्हणून पहिला नियम: या मालिका घोळक्यात दाखवा. ४० जण एकत्र बसले की खरा हशा त्या जागा भरतो आणि थांबणं टायमिंग म्हणून जाणवतं. गोव्यातल्या मुलांना ही सवय नव्याने लावावी लागत नाही. जत्रेच्या नाटकात गावचाच नट हशा झेलून थांबतो, तियात्रातला, म्हणजे कोंकणी नाटकातला, कॉमेडियन टाळी ओसरेपर्यंत पुढचं वाक्य बोलत नाही, हे त्यांनी लहानपणापासून पाहिलंय. ती नाळ कार्यक्रमाच्या सुरुवातीला एका वाक्यात जोडून द्या: हे नाटकासारखं बघा, नट तुमच्या हसण्यासाठी थांबतोय. एवढं सांगितलं की पुरे, लांब प्रास्ताविक करू नका.

निवडीकडे वळू. माझ्या मते कसोटी एकच: विनोद पात्राच्या स्वभावातून येतो की त्या काळच्या वस्तूतून? ट्रंक कॉल, गॅसची प्रतीक्षायादी, शेजारच्या घरी फोनला बोलावणं यांवर उभा असलेला प्रसंग आज समजावून सांगावा लागतो, आणि समजावलेल्या विनोदाला कोणी हसत नाही. स्वभावाला मात्र वय नसतं. ‘ऑफिस ऑफिस’मधला पंकज कपूर यांचा मुसद्दीलाल टेबलाटेबलावरून हेलपाटे घालतो. आज अर्ज ऑनलाइन झाले, पण सर्व्हर डाउन असल्याचं ऐकून परत आलेल्या कॉलेजकुमाराला मुसद्दीलालची ओळख करून द्यावी लागत नाही.

सुरुवात स्वतंत्र भागांच्या मालिकेने करा, म्हणजे मागची गोष्ट माहीत असायची गरज उरत नाही. जसपाल भट्टींचा १९८९ चा ‘फ्लॉप शो’ यासाठी फार सोयीचा आहे. एकूण दहाच भाग, प्रत्येकाचा विषय वेगळा. त्यातला पीएचडीच्या मार्गदर्शकावरचा भाग कॉलेजच्या मुलांना हमखास लागतो, कारण गाइडची घरची कामं करणारा विद्यार्थी त्यांनी पाहिलेला किंवा ऐकलेला असतो. यात अडचण एकच. भागाच्या शेवटी हिंदी चित्रपटगीताचं विडंबन येतं आणि मूळ गाणं मुलांना बहुधा माहीत नसतं. मग विडंबन निम्मं वाया जातं. भाग सुरू होण्याआधी मूळ गाण्याचं धृपद कोणाकडून तरी नुसतं गुणगुणून घ्या. नाव सांगू नका, कारण सांगू नका. शेवटी ते गाणं विडंबनात आलं की मुलं स्वतःच पकडतात.

‘ये जो है जिंदगी’ १९८४ ची, कुंदन शाह यांच्या दिग्दर्शनाची, शरद जोशी यांच्या लेखणीतली. हिच्यात सतीश शहा भागागणिक नव्या रूपात येतात. मुलांना एवढंच सांगून ठेवा की हा नट दर भागात दुसराच माणूस होऊन येणार आहे. मग ती त्याची वाट बघत बसतात. ‘साराभाई’ मात्र पहिल्या दिवशी लावू नका. तिच्यातले २०-२० सेकंदांचे तुकडे मुलांना पाठ असतात, पूर्ण भाग पाहिलेला नसतो. पाठ असलेला तुकडा आला की सगळी एका सुरात ते वाक्य म्हणतात आणि बाकीचा भाग त्या गोंगाटात जातो. ती दुसऱ्या किंवा तिसऱ्या कार्यक्रमाला ठेवा, तोवर त्यांना अख्खा भाग ऐकायची सवय झालेली असेल.

मराठीची निवड गोव्यात जास्त जपून करावी लागते, आणि इथे मुंबई-पुण्याच्या याद्या उपयोगी पडत नाहीत. आपल्याकडचा अठरा वर्षांचा मुलगा घरी कोंकणी बोलतो, चौथीपर्यंत मराठीतून शिकलेला असतो किंवा नसतोही, आणि पाचवीपासून इंग्रजीत गेलेला असतो. मराठी त्याला कळते, पण वेगाने बोललेली, शब्दांवर खेळणारी पुणेरी मराठी त्याच्या कानाला अर्धा क्षण उशिरा पोचते, आणि विनोदात अर्धा क्षण हाच सगळा हिशेब असतो. सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धातली ‘चिमणराव गुंड्याभाऊ’ हा दूरदर्शनचा ठेवा आहे. चि. वि. जोशींच्या कथा, दिलीप प्रभावळकरांचा चिमणराव आणि बाळ कर्वे यांचा गुंड्याभाऊ. पण तिची गंमत भाषेत आणि त्या काळच्या मध्यमवर्गीय संकोचात मुरलेली आहे. ती पहिल्यांदा दाखवली तर मुलं आदराने गप्प बसतात. विनोदी कार्यक्रमात आदराची शांतता हे अपयशच समजावं. आधी चि. वि. जोशींची एक कथा मोठ्याने वाचून घ्या, मुलांना त्या बोलण्याची लय सापडू द्या, मग भाग लावा. वाचनालयात हे करणं तुम्हाला सहज शक्य आहे.

पहिल्या मराठी कार्यक्रमाला ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’ घ्या. २००१ ची, केदार शिंदे यांच्या दिग्दर्शनाची, प्रभावळकरांच्याच ‘अनुदिनी’ या पुस्तकावर आधारलेली. घर साधं, भाषा रोजची, आजोबांपासून नातवंडांपर्यंत तीन पिढ्या एकाच छताखाली. प्रसंग इतके घरगुती की संदर्भ द्यावाच लागत नाही. शिर्‍या आणि शलाका ही नातवंडं जवळजवळ तुमच्या प्रेक्षकांच्याच वयाची आहेत. गोव्यात अजून पुष्कळ घरांत आजी-आजोबा सोबत राहतात, त्यामुळे मालिकेतल्या आजोबांचं, म्हणजे आबांचं, वागणं मुलं थेट आपल्या घराशी ताडून बघतात. आबांचा वेश, त्यांचा हेका आणि नातवंडांशी असलेली मिलीभगत या तिन्हींना हशा मिळतो.

लागट विनोदाचा प्रश्न टाळून चालणार नाही. जुन्या मालिकांत जाडेपणावर, काळ्या रंगावर, दाक्षिणात्य उच्चारांवर, बायकी वागणाऱ्या पुरुषावर सर्रास विनोद आहेत. शेजाऱ्याच्या बायकोवर लाळ घोटणारा नवरा ही ‘श्रीमान श्रीमती’ची कल्पनाच आज अनेक मुलींना अवघड करते. जतीन कणाकिया आणि रीमा लागू यांचं काम कितीही सुरेख असलं तरी हे खरं आहे. १९७७ ची ब्रिटिश ‘माइंड युवर लँग्वेज’ अख्खी देशोदेशींच्या ठोकळेबाज पात्रांवर उभी आहे. ‘फ्रेंड्स’मध्ये मोनिकाच्या जाडेपणाचे प्रसंगही आजच्या मुलांना खुपतात. आणि गोव्यात एक जास्तीची खबरदारी: दारू पिऊन ‘मॅन, मॅन’ करणारा गोंयकार हा हिंदी पडद्याचा जुना साचा आहे. तो एखाद्या भागात आला की सभागृह थंड होतं आणि पुढची वीस मिनिटं परत येत नाही.

त्यासाठी प्रत्येक भाग आधी पूर्ण पाहा, एकट्याने नको, तर तुमच्या प्रेक्षकांच्याच वयाच्या दोघांना, त्यात एक मुलगी, सोबत घेऊन. भागातला नको तो प्रसंग कापून दाखवू नका. कापल्यामुळे पुढचा संदर्भ तुटतो, आणि दुसऱ्याच्या कृतीत कात्री चालवायचा अधिकारही आपल्याला नाही. त्याऐवजी दुसरा भाग घ्या. शेकडो भाग उपलब्ध असताना अडून बसायचं कारण नाही.

आता तंत्राकडे. यातलं बहुतेक बिघडतं ते आवाजात. जुने कार्यक्रम मोनो, म्हणजे एकाच वाहिनीच्या आवाजाचे, आहेत. इंटरनेटवरच्या काही प्रतींत आवाज फक्त डाव्या बाजूला असतो, मग सभागृहाच्या उजव्या अंगाला बसलेल्यांना संवाद कळत नाही आणि बडबड तिथूनच सुरू होते. संगणकावरच्या मोफत व्हीएलसी प्लेअरमध्ये ऑडिओच्या यादीत स्टिरिओ मोड आहे, तिथे ‘लेफ्ट’ किंवा ‘मोनो’ निवडा, दोन्ही स्पीकरमधून सारखा आवाज येईल. हशा मोठा आणि संवाद बारीक असेल तर त्याच प्लेअरच्या ऑडिओ इफेक्टमधला कॉम्प्रेसर, म्हणजे बारीक-मोठ्या आवाजातला फरक कमी करणारी सोय, चालू करा. मिक्सर असेल तर १२० हर्ट्झच्या खालचा घुमारा कमी करा आणि २ ते ३ किलोहर्ट्झचा पट्टा थोडा उचला, शब्दांची धार तिथे असते. नुसता आवाज वाढवून काही साधत नाही. देवळाच्या सभामंडपात किंवा लादीच्या हॉलमध्ये आवाज भिंतींवर आपटून परततो आणि जितका मोठा कराल तितका कालवतो. स्पीकर पडद्याच्या दोन्ही बाजूंना, बसलेल्या माणसाच्या कानापेक्षा किंचित वर, प्रेक्षकांकडे तोंड करून ठेवा. जमिनीवर सतरंजी अंथरा आणि मुलांना त्यावरच बसवा. अंगं आणि कापड आवाज शोषतात. छताचे पंखे शक्य तेवढे हळू फिरवा.

चित्राबाबत सर्वांत मोठी चूक म्हणजे ४:३ चं, जवळजवळ चौकोनी चित्र ताणून आजच्या रुंद १६:९ चौकटीचं करणं. चेहरे रुंद होतात, नट बुटके दिसतात, आणि मुलांच्या मनात ‘जुना माल’ ही मोहर तिथेच उमटते. दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या राहू द्या. वरून-खालून कापून रुंद केलेल्या प्रतीही टाळा. २०२१ मध्ये ‘साईनफेल्ड’ नेटफ्लिक्सवर अशा रुंद चौकटीत आली तेव्हा रस्त्यावरच्या खड्ड्याच्या एका प्रसंगात खुद्द खड्डाच चौकटीबाहेर गेला. टेपवरून आलेल्या चित्रात हालचालीच्या वेळी कंगव्याच्या दातांसारख्या रेषा दिसतात, त्या घालवायला व्हीएलसीच्या व्हिडिओच्या यादीत ‘डीइंटरलेस’ चालू करून ‘याडिफ’ निवडा. शार्पनेस वाढवू नका, खरखर वाढते. पडदा मोठा घ्यायचा मोह आवरा. ५७६ रेषांच्या चित्राला ६ फूट रुंदी पुष्कळ झाली, पहिली रांग पडद्यापासून ३ मीटरवर. यापेक्षा मोठ्या पडद्यावर डोळ्यांतले भाव विरघळतात, आणि जुन्या नटांचा अर्धा विनोद डोळ्यांत असतो.

हिंदी-मराठीला सबटायटल शक्यतो नकोत. इंग्रजी मालिकेला लागतात, आणि तिथे एक हमखास घोटाळा होतो. पूर्ण वाक्य पडद्यावर एकदम येतं, मुलं नटाच्या आधी वाचून हसतात, आणि नट बोलतो तेव्हा शांतता. ‘सबटायटल एडिट’ हे मोफत सॉफ्टवेअर घेऊन विनोदाचा शेवटचा तुकडा वेगळ्या ओळीत तोडा आणि नटाने तोंड उघडल्यावरच तो येईल अशी वेळ लावा. एका वेळी दोनच ओळी, ओळीत ४० च्या आसपास अक्षरं. आयत्या वेळी सगळीच सबटायटल पुढे-मागे झाली तर व्हीएलसीत ‘जी’ आणि ‘एच’ या कळांनी ती ५०-५० मिलिसेकंदांनी सरकवता येतात.

एका बैठकीला दोन भाग, मध्ये दहा मिनिटं. अर्ध्या तासाच्या स्लॉटमधला भाग जाहिराती वगळून साधारण २२ ते २५ मिनिटांचा भरतो, म्हणजे तासाभरात कार्यक्रम आटोपतो. मे महिन्यात अंधार पडल्यावर, साडेसातला सुरू करा. गावात फुटबॉलची स्पर्धा असेल तर ती संध्याकाळ सोडा. जूनपासून पत्र्याच्या छताखाली हा कार्यक्रम ठेवूच नका, पावसात एकही संवाद टिकत नाही. वीज जाण्याची धास्ती असेल तर लॅपटॉप, प्रोजेक्टर आणि स्पीकर तिन्ही यूपीएसवर घ्या, कारण नुसता लॅपटॉप चालू राहून भागत नाही. दिव्याचा प्रोजेक्टर एकदा बंद पडला की थंड होऊन पुन्हा उजळेपर्यंत काही मिनिटं जातात आणि तेवढ्यात मुलं मैदानावर पोचतात.

परवानगीचं काम महिनाभर आधी सुरू करा. घरच्या ओटीटी वर्गणीवर सार्वजनिक खेळ करता येत नाही, मग तिकीट असो वा नसो. भारतीय कायद्यात चलचित्राचा कॉपीराइट प्रसिद्धीनंतर ६० वर्षं राहतो, म्हणजे दूरदर्शनच्या या मालिकांपैकी एकही अजून मोकळी नाही. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ५२ मध्ये शिक्षणसंस्थेसाठी सूट आहे: संस्थेच्या कामाचा भाग म्हणून, आणि प्रेक्षक तिथले विद्यार्थी, शिक्षक, पालक व संस्थेशी संबंधित व्यक्ती एवढेच असतील तर. त्यामुळे तुमच्या भागातल्या उच्च माध्यमिक शाळेने किंवा कॉलेजने कार्यक्रम आपल्या उपक्रमात घेतला आणि वाचनालयाने तांत्रिक बाजू सांभाळली तर वाट सोपी होते. गावासाठी खुला खेळ हवा असेल तर निर्मात्याकडे किंवा वाहिनीकडे लेखी विचारा. पत्रात मालिकेचं नाव, भाग, तारीख, प्रेक्षकसंख्या आणि प्रवेश विनामूल्य असल्याचा उल्लेख करा. दूरदर्शनच्या स्वतःच्या निर्मितीसाठी प्रसार भारतीकडे. बाहेरच्या निर्मात्यांनी केलेल्या मालिकांचे हक्क कोणाकडे आहेत ते आधी श्रेयनामावलीत बघा, चुकीच्या दारी पत्र गेलं तर आठवडे फुकट जातात.

कार्यक्रम जमला की नाही हे मुलांना विचारून कळत नाही. तुमच्या तोंडावर ती ‘बरें आसलें’ म्हणतील. एकाला मागच्या रांगेत वही देऊन बसवा. कितव्या मिनिटाला पहिला एकत्र हशा आला आणि कितव्या मिनिटाला तीनपेक्षा जास्त मोबाइल उजळले, एवढंच त्याने टिपायचं. पहिला हशा पाचव्या मिनिटाच्या आत आला तर निवड बरोबर. मोबाइल सुरुवातीलाच उजळले तर आवाज तपासा, मध्येच उजळले तर भाग बदला. आणि मधल्या सुट्टीत दार उघडं ठेवा, कोणालाही थांबायचा आग्रह करू नका. दुसऱ्या भागाला जितके जण आपणहून आत येऊन बसतील, तेवढ्यांना पुढच्या शनिवारी तिसरा भाग कोणता लावायचा ते ठरवू द्या.